मसुदा सरकारचा, खाडाखोड लोकांची

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते निवृत्तीनंतर याच वाचनालयाच्या ओसरीवर बसून लोकांना अर्ज लिहून देत, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. सातबाराची दुरुस्ती, रेशनकार्ड, विकास आराखड्यावरची हरकत. सरकारी मसुद्यावर सामान्य माणसाने कुठे आणि कसे लिहावे, आणि लिहिल्यावर त्याचे पुढे काय होते, हा विषय त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला शोभेल असे मला वाटले. निमंत्रणपत्रिकेवर 'शासन आणि विकी' असे छापले आहे. त्यामुळे आज संगणकाचा तास भरणार की काय, अशी धास्ती काहींनी घेतली असेल. तसे काही नाही. नमनाला घडाभर तेल नको, म्हणून विकी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो आणि मुद्द्यावर येतो.

विकिपीडिया आपण सगळेच वापरतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. ज्या पानात वाचणाराच बदल करू शकतो, ती विकी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने पहिली विकी १९९५ मध्ये सुरू केली, ती आपल्या व्यवसायबंधूंच्या सोयीसाठी. ज्ञानकोश वगैरे पुढची गोष्ट. पानाच्या माथ्यावर 'संपादन' अशी एक कळ असते. तिचे कौतुक फार झाले आहे. तिच्या शेजारी 'इतिहास पहा' अशी दुसरी कळ असते, तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. ती दाबली की पानाची सगळी खाडाखोड समोर येते. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, सगळे. काढलेला मजकूर पुसला जात नाही, तो फक्त मागे सरतो.

माझे आजचे म्हणणे या दुसऱ्या कळीविषयी आहे. गेल्या वीसएक वर्षांत अनेक देशांतल्या सरकारांनी विकी वापरून पाहिली. घटकाभर लेखणी लोकांच्या हाती द्यायला ती तयार झाली. आपल्या हातची खाडाखोड लोकांना दाखवायला मात्र ती सहसा तयार झाली नाहीत, आणि हे प्रयोग जिथे अडले तिथे बहुधा यामुळेच अडले.

आपल्या प्रशासनाला ही कल्पना परकी आहे असे समजू नका. मी नोकरीत बरीच वर्षे फायलींत काढली. फाईलला दोन अंगे असतात, टिपणी आणि पत्रव्यवहार. टिपणीत खालचा माणूस आधी लिहितो. त्याखाली सही, तारीख. मग फाईल कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे, उपसचिवाकडे, सचिवाकडे चढते. वरच्याला खालच्याचे मत पटले नाही तरी त्यावर रेघ मारायची सोय नसते. त्याने खाली आपले मत लिहायचे आणि सही करायची. त्यामुळे वीस वर्षांची जुनी फाईल हाती आली तरी मुरलेला कारकून पाने उलटून सांगतो, की प्रकरण या परिच्छेदापर्यंत सरळ होते आणि इथे वळले. शिस्त विकीचीच आहे. फरक दोन. इथे लिहिण्याचा क्रम पदानुसार ठरतो, आणि ही खाडाखोड फक्त घरातल्या माणसांना दिसते.

ती बाहेरच्यांना दिसावी की नाही यावर आपल्याकडे चांगलीच लढाई झाली आहे. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. टिपण्या त्यात येत नाहीत, असे केंद्राच्या कार्मिक खात्याचे म्हणणे होते. केंद्रीय माहिती आयोगाने २००६च्या जानेवारीत ते मान्य केले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये टिपण्यांना कुंपण घालणारी दुरुस्ती मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले. दुरुस्ती मागे पडली. निर्णय काय झाला यासाठी कोणी उपोषण करीत नव्हते. तो होता होता कोणी काय लिहिले हे वाचायला मिळावे यासाठी करीत होते. जगात विकीची चर्चा भरात होती त्याच सुमाराला हे आळंदीत घडत होते. दोन्हींचा संबंध त्या वेळी कोणी जोडला नाही, आणि जोडायचे कारणही नव्हते.

आता याच सरकारचा लोकांकडे वळलेला चेहरा बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करायचा, हरकती व सूचना मागवायच्या, आणि स्थायी समितीचे तीन सदस्य व सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जण यांच्या नियोजन समितीने त्यांची सुनावणी घ्यायची. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही. प्रत्यक्षात तुम्ही खिडकीवर अर्ज देता, पोच घेता, सुनावणीला जाता आणि वाट्याला आलेली काही मिनिटे बोलता. तुमच्या शेजाऱ्याने त्याच रस्त्याबद्दल काय लिहिले, हे तुम्हाला कळत नाही. एका गल्लीतले चाळीस लोक एकच छापील नमुना भरून देतात आणि दप्तरी चाळीस हरकती नोंदल्या जातात. चाळिसांपैकी एखाद्याला माहीत असते, की नकाशात जिथे मोकळी जागा दाखवली आहे तिथे विहीर आहे. त्याचे एक वाक्य त्या चाळीस सारख्या कागदांत बुडून जाते.

मुंबईच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा साठ हजारांहून अधिक हरकती आणि सूचना जमा झाल्या. आरे कॉलनीचे काय होणार इथपासून वारसा इमारती गळाल्या इथपर्यंत सगळे त्यात होते. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करायला सांगितले. आराखडा अखेर मंजूर झाला २०१८ मध्ये. यात लोकांचा विजय झाला असे म्हणता येईल, मला ते अर्धेच पटते. साठ हजार माणसांनी एकच दस्तऐवज तपासला, पण एकमेकांचे काम कोणी पाहिले नाही. पहिल्या शंभरांनी दाखवलेली चूक पुढचे हजारो पुन्हा दाखवत बसले.

हे मनात ठेवून न्यूझीलंडला जाऊ या.

तिथला पोलीस कायदा १९५८चा. पोलिसांनी कोणती कामे करायची आणि कोणत्या तत्त्वांवर करायची, हे त्यात स्वतंत्रपणे मांडलेले नव्हते. २००६ मध्ये कायद्याचा आढावा सुरू झाला. काम सोपवले ते हॅमिश मॅकार्डल या पोलीस सुपरिंटेंडंटकडे. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. आपल्याकडे त्यांचे काय झाले, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो ऐकून तुम्ही आनंदाने घरी जाणार नाही.) मॅकार्डल यांच्या गटाने आधी नेहमीचे सगळे केले. विषयवार टिपणे काढली, सभा घेतल्या, लेखी निवेदने मागवली. यात वर्षाहून अधिक काळ गेला. हे सगळे झाल्यावर, सप्टेंबर २००७ च्या शेवटच्या आठवड्यात, त्यांनी एक विकी उघडली आणि सांगितले की नवा पोलीस कायदा कसा असावा ते इथे लिहा.

बातमी जगभर गेली. 'जनता कायदा लिहिणार' असे मथळे आले. मॅकार्डल यांची भूमिका त्या मथळ्यांपेक्षा कितीतरी समंजस होती. कलमे कशी रचायची हे रस्त्यावरच्या माणसाला येणार नाही, पण पोलिसांनी कोणत्या तत्त्वांवर काम करावे याची त्याला चांगली जाण असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विकी जेमतेम आठवडाभर उघडी होती. मग ती बंद झाली आणि जमलेला मजकूर इतर निवेदनांच्या जोडीला आढावा गटाकडे गेला. विधेयक डिसेंबर २००७ मध्ये संसदेत आले. पोलिसिंग कायदा १ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाला.

त्याचे आठवे कलम तत्त्वांचे आहे. पोलिसांचे काम लोकांच्या पाठिंब्यावर आणि विश्वासावर अवलंबून असते. ते मानवी हक्कांचा आदर राखून व्हावे. ते स्वतंत्रपणे आणि निःपक्षपातीपणे व्हावे. सूत्रे देशपातळीवर असली तरी लक्ष स्थानिक वस्तीवर असावे. सुशिक्षित माणसाने शांत डोक्याने बसून लिहावे तसे हे कलम आहे. ते लिहिले मात्र विकीवर नव्हे. तिथे कायद्यांचे मसुदे संसदीय मसुदाकार कार्यालय करते, आणि हे काम बंद दाराआडच होते. ते तसे असण्यात माझ्या मते काही वावगे नाही. कायद्याच्या वाक्यात 'करील' आणि 'करू शकेल' यांच्या मध्ये माणसाचे स्वातंत्र्य उभे असते. ते हाताळायला तयारीचा माणूस लागतो. आठवड्याच्या उत्साहात ते होत नाही.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. विकीवरचे एखादे वाक्य आणि छापील आठवे कलम यांच्यामधला प्रवास नागरिकाला पाहता येत नव्हता. सात दिवस खाडाखोड सगळ्यांना दिसली आणि महत्त्वाची खाडाखोड सुरू झाली तेव्हा पडदा पडला. मसुदाकाराने आपली लेखणी कोणाला द्यायला नको होती. विकीवर अमुक मागणी आली, ती या कारणाने घेतली नाही, असे दोन ओळींत लिहिले असते तरी पुरे होते. न्यूझीलंडचा प्रयोग यशस्वी म्हणून सांगितला जातो आणि एका अर्थी तो होताही. पोलिसांसारख्या खात्याने कोऱ्या पानाचे भय बाळगले नाही, ही लहान गोष्ट नाही. पण आठवडाभर दार उघडून ते पुन्हा लावून घेण्याला मी निम्मेच काम म्हणेन.

ज्यांनी कोऱ्या पानाचे भय बाळगायला हवे होते, त्यांची गोष्टही सांगायला हवी. वर्षभर आधी, २००६च्या उन्हाळ्याअखेरीस, ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने अशीच विकी उघडली होती. मंत्री डेव्हिड मिलिबँड. विषय होता 'पर्यावरणीय करार', म्हणजे नागरिक, उद्योग आणि सरकार यांनी पर्यावरणासाठी एकमेकांशी कोणते करार करावेत. मसुद्यात एक प्रश्न होता: हा करार अमलात आणायला कोणती साधने लागतील? त्याखाली कोणी तरी यादी लिहिली. फावडे, सेंद्रिय दही ढवळायचा चमचा, भांडी घासायच्या साबणाची रिकामी बाटली आणि चिकटकागद. ब्रिटिश वाचकाला यातली गंमत लगेच कळते. रिकामी बाटली आणि चिकटकागद हा 'ब्लू पीटर' या बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमातला हस्तकलेचा ठरलेला माल आहे. खाते पोरखेळ करते आहे, हे त्या टवाळाने एका ओळीत सांगितले होते. राजकीय टवाळ मंडळींना सुगावा लागल्यावर धुडगूस वाढला आणि खात्याला पान गोठवावे लागले.

यावरून 'लोक असेच असतात' असा निष्कर्ष काढणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मला ती टवाळी पूर्णपणे अस्थानी वाटत नाही. प्रश्नच इतका सैल होता की त्याला धड उत्तर देणे कोणाला जमले असते कोण जाणे. न्यूझीलंडच्या लोकांसमोर एक खरा कायदा होता, मागे वर्षभराची तयारी होती. इथे मंत्र्याची एक कल्पना होती. आणि लिहिलेल्याला उत्तर देणारे कोणी पानावर हजर नव्हते. रिकाम्या ओट्यावर पोरे खेळणारच.

उत्तर देणारी माणसे हजर असली की काय होते, ते ऑस्ट्रेलियात मेलबर्न महापालिकेने दाखवले. शहराचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा त्यांना नव्याने करायचा होता. नाव 'फ्युचर मेलबर्न'. त्यांनी क्रम उलटा लावला. विकी आधी पालिकेतल्या माणसांनी स्वतःच्या कामासाठी वापरली आणि मसुदा तिच्यावरच लिहिला. नंतर निवडक संस्थांना आत घेतले, आणि मे २००८ मध्ये तीच विकी सर्वांसाठी उघडून सुमारे महिनाभर ठेवली. वाचायला कोणीही यावे, लिहायचे तर नाव नोंदवावे. पालिकेची माणसे रोज पानावर होती. कोणी बदल केला की ती बघत, विचारत, चुकीच्या जागी पडलेला मजकूर योग्य पानावर नेत. ब्रिटनसारखा धुडगूस झाला नाही. बदल झाले काही शे, आणि वाचणारे त्याच्या कितीतरी पट.

या 'काही शे'ला हसणारे असतात. एवढ्या मोठ्या शहरात काही शेच? मला तो आकडा अगदी रास्त वाटतो. मघाच्या गल्लीतले चाळीस जण आठवा. त्यातला विहीर माहीत असलेला एक लिहितो आणि उरलेले एकोणचाळीस वाचून 'बरोबर आहे' म्हणतात. त्यांना वेगळा कागद भरावा लागत नाही. हरकतींची संख्या साठ हजारांवरून सहाशेवर आली, तर लोकांचा सहभाग घटला असे समजायचे कारण नाही. आपल्या राजकारणाला मात्र हे पटणे कठीण. संख्येवर मोर्चे निघतात, संख्येवर मथळे होतात आणि संख्येवरच मुख्यमंत्री मसुदे बाजूला ठेवतात.

आता थोडे गमतीच्या वाटेला वळतो. सरकारी विकींत जी सर्वांत जास्त चालली, ती हेरांची आहे.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने २००४ मध्ये सांगितले, की अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांकडे माहितीचे तुकडे होते, पण ते एकत्र आले नाहीत. प्रत्येक संस्था आपली माहिती कवटाळून बसली होती. त्याच सुमाराला सीआयएतल्या कॅल्विन अँड्रस यांनी एक निबंध लिहिला. वेगाने बदलत्या परिस्थितीत विश्लेषकांनी वरून येणाऱ्या आदेशाची वाट न पाहता एकमेकांचे लेखन पाहून आपले सुधारत जावे, आणि त्यासाठी विकी हे साधन चांगले, असा त्याचा आशय होता. २००६ मध्ये 'इंटेलिपीडिया' अधिकृतपणे सुरू झाली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, तेच सॉफ्टवेअर. गुप्ततेच्या तीन पायऱ्यांसाठी तीन वेगळ्या जाळ्यांवर तीन विकी.

नियमांत दोन मोठे फरक होते. विकिपीडियावर नाव न सांगता लिहिता येते, इथे प्रत्येक बदलापुढे लिहिणाऱ्याचे नाव. आणि विकिपीडियावर तटस्थ मत लिहायचे बंधन असते, इथे ते नाही. तुमचे मत लिहा, पण ते तुमचे आहे हे दिसू द्या. आपल्या टिपणीची आठवण झाली ना? ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक छोटे विमान इमारतीवर आदळले. हल्ला की अपघात, कोणाला कळेना. इंटेलिपीडियावर पान उघडले आणि काही तासांत वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांनी ते डझनावारी वेळा दुरुस्त केले. तो अपघातच होता. विमानात कोरी लायडल हा बेसबॉल खेळाडू होता.

सीआयएतल्या डॉन बर्क आणि शॉन डेनेही या दोघांनी ही विकी अक्षरशः दारोदार फिरून रुजवली. पाने निगुतीने सांभाळणाऱ्यांना बक्षीस म्हणून प्लॅस्टिकचे खेळण्यातले फावडे दिले जाई, आणि लोक ते टेबलावर मिरवत. मला यात सरकारी माणसाची नस बरोबर पकडलेली दिसते. रोख बक्षिसाला लेखा विभाग आक्षेप घेतो, फावड्याला कोण घेणार?

एवढे होऊनही एक गोष्ट बदलली नाही. राष्ट्राध्यक्षांकडे जाणारा अहवाल ज्या त्या संस्थेच्या ठरलेल्या साखळीतूनच जात राहिला. विश्लेषकाची बढती त्या अहवालांवर होते, विकीवरच्या दुरुस्त्यांवर नव्हे. म्हणजे विकीवर लिहायचे आणि मग तेच संस्थेच्या नमुन्यात पुन्हा लिहायचे. बरीच चांगली माणसे पहिले काम हळूहळू सोडतात, यात नवल नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने २००८ मध्ये आपल्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी 'जीसीपीडिया' ही विकी सुरू केली. तिथे आणखी एक पेच आहे. देशाच्या राजभाषा दोन, आणि रोज बदलणाऱ्या पानाचे भाषांतर कोणी आणि किती वेळा करायचे?

हा पेच आपल्यालाही सुटलेला नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तो इंग्रजी आणि हिंदीत. जूनअखेर दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत तो द्या. खाण आणि धरण ज्यांच्या दारात येणार, त्यांना मसुदा आपल्या भाषेत मिळावा यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे त्यांनी त्यावर खाडाखोड करावी ही अपेक्षा तर फारच दूरची.

केंद्राचे कायदेपूर्व सल्लामसलतीचे धोरण २०१४ मध्ये आले. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करा, असे ते म्हणते. धोरण चांगले आहे. कित्येक विधेयके त्याला वळसा घालून जातात. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा सूचनेतच लिहिले होते की आलेली मते प्रसिद्ध केली जाणार नाहीत. लोकांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून, असे कारण दिले होते. मोकळेपणाने लिहायला लोकांना अडचण येते ती सरकारची, शेजाऱ्याची फारशी नाही.

आपल्याकडे विकीच्या सर्वांत जवळ जाणारी रीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची आहे. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर नाही. सल्लामसलतीचे टिपण काढतात, मते मागवतात, आलेली मते जाहीर करतात आणि मग त्या मतांवर प्रतिमते मागवतात. मोठ्या कंपनीने काय लिहिले ते एखादी छोटी ग्राहक संघटना वाचते आणि त्यावर लिहिते. पुढे आदेशासोबत येणाऱ्या टिपणात ट्राय कोणाचा मुद्दा का घेतला आणि का नाही, हेही सांगते. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समानतेवर दहा लाखांहून अधिक ईमेल आल्या. त्या जाहीर करताना पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही उघड झाले आणि लोक खवळले, ते बरोबरच होते. म्हणणे दाखवावे, पत्ता झाकावा. हे न जमण्याइतके अवघड नव्हते. पण त्या घोळामुळे पद्धतीलाच कोपरापासून नमस्कार करणारे अधिकारी मला भेटले, तेव्हा त्यांना घोळाचे निमित्तच हवे होते असे वाटले.

केरळचे 'स्कूलविकी' इथे सांगायलाच हवे. राज्याच्या शिक्षण खात्याच्या तंत्रज्ञान विभागाने २००९ मध्ये ते सुरू केले. प्रत्येक शाळेचे मल्याळमात एक पान, आणि राज्यात शाळा पंधरा हजारांवर. शाळेचा इतिहास, मुख्याध्यापकांची यादी, मुलांनी लिहिलेली गावाची माहिती, स्थानिक शब्दांचा आणि लोकज्ञानाचा कोश. यात कोणी धोरण ठरवत नाही, म्हणून जाणकार त्याकडे दुर्लक्ष करतात. मला ते महत्त्वाचे वाटते. सातवीतल्या मुलीने गावातल्या तळ्याबद्दल लिहिले, मास्तरांनी त्यातले एक साल दुरुस्त केले, पुढच्या वर्षीच्या मुलाने आणखी एक गोष्ट जोडली, आणि तिघांचीही नोंद राहिली. सरकारी पानावर आपण लिहिलेले पुसले जात नाही, याची सवय त्या मुलांना मतदार होण्याआधीच लागते.

तर महाराष्ट्रात काय करता येईल? एखाद्या कंपनीकडून 'लोकसहभाग पोर्टल' विकत घ्या, असे मी सांगणार नाही. पोर्टलचे उद्घाटन होते, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी त्याचा पत्ता उघडत नाही. माझी मागणी कागदावरही भागेल अशी आहे. विकास आराखड्यावरची प्रत्येक हरकत, नाव-पत्ता झाकून, मुदत संपायच्या आत लोकांना वाचायला मिळावी. दुसऱ्याच्या हरकतीवर लिहिण्यासाठी ट्रायसारखी वेगळी मुदत असावी. मसुद्याची सुधारित आवृत्ती येईल तेव्हा जुना मजकूर रेघ मारून तसाच दिसावा आणि प्रत्येक बदलापाशी हरकतीचा क्रमांक असावा. अमेरिकेच्या राजधानीची नगर परिषद, म्हणजे वॉशिंग्टन डीसीची, आपले कायदे गिटहब या प्रोग्रामरांच्या मंचावर ठेवते. २०१८ मध्ये एका नागरिकाने तिथल्या कायद्याच्या मजकुरातली एक छापील चूक दाखवली आणि ती दुरुस्ती परिषदेच्या वकिलांनी स्वीकारली. चूक क्षुल्लक होती. पण ती कोणी दाखवली आणि कोणी स्वीकारली, हे आजही कोणालाही पाहता येते.

यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला पाठ आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, खाडाखोड दिसू लागली की माणसे खरे लिहायचे सोडतात. माहितीच्या अधिकारानंतर असे झाले आहे, हे मी स्वतः फायलींत पाहिले. पूर्वी जिथे उपसचिव दोन परिच्छेद लिहून आपला विरोध नोंदवीत, तिथे 'चर्चा केल्याप्रमाणे सादर' एवढीच ओळ येऊ लागली. चर्चा केबिनमध्ये झाली, तिचा कागद नाही. उद्या विकी आली तर तिच्यावर गोड गोड लिहितील आणि खरा निर्णय फोनवर होईल. इंटेलिपीडियाचे आणि जीसीपीडियाचे दुखणे याहून फार वेगळे नाही: पान एकीकडे, निर्णय दुसरीकडे.

याला तांत्रिक उपाय नाही. एक कायदेशीर उपाय मला सुचतो आणि वकील मंडळी इथे आहेत, त्यांनी तो तपासावा. जाहीर मसुद्यात पुढे झालेल्या ज्या बदलाला कोणतीही हरकत, सूचना किंवा लेखी कारण जोडलेले नाही, तो बदल ग्राह्य धरू नये, अशी तरतूद नगररचना अधिनियमाच्या नियमांत करता येईल का? तसे झाले तर फोनवर ठरलेल्या आरक्षणबदलालाही कोणाच्या तरी सहीचे कारण लागेल. अधिनियमातच दुरुस्ती लागेल की नियम पुरेल, यावर माझे आणि एका निवृत्त नगररचनाकारांचे अजून एकमत झालेले नाही. त्यांच्या मते आरक्षण बदलण्याचा सरकारचा अधिकार मूळ कलमांतून येतो, म्हणून नियमाने त्याला बांधता येणार नाही. मला वाटते, अधिकार तसाच ठेवून त्याची कारणमीमांसा प्रसिद्ध करायला नियम भाग पाडू शकतो. प्रश्नोत्तरांची सुरुवात इथूनच करू या.